आवाज कमी येणारं हेल्मेट

माणकोलीचा पूल सुरू झाला आणि माझा ऑफिसचा रस्ता बदलला. त्याआधी मी डोंबिवलीहून शिळफाट्याला जायचो, तिथून मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा आणि मग घोडबंदर रोड. त्या रस्त्यावर बाईक चालायची कमी, रांगायची जास्त. पूल झाल्यावर मोठागावातून खाडी ओलांडून सरळ हायवेला लागता यायला लागलं. सगळ्यांसारखा मीही खूश झालो. वेळ वाचला आणि वेग वाढला.

वेग वाढल्यावर वारा वाढतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझं हेल्मेट बाईकबरोबर शोरूमवाल्याने दिलेलं. डोक्याला ढगळ. मान वळवली की डोकं आधी वळायचं आणि हेल्मेट मागून यायचं. खाडीवर आलं की हनुवटीखालून वारा आत घुसायचा आणि कानाजवळ पत्रा फडफडावा तसा आवाज व्हायचा. जाताना एवढा, येताना एवढा. मला वाटायचं, हेल्मेट म्हटलं की हे असणारच.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी घरी येऊन बूट काढत असताना मी बायकोला विचारलं, "मिक्सर लावलायस का?"

"कुठला मिक्सर? मी भाजी निवडतेय."

"मग शेजारी काहीतरी चाललंय. बारीक शिट्टी मारल्यासारखं."

तिने पंखा बंद केला. दोन्ही हात तसेच धरून ऐकत उभी राहिली. "काही नाही रे," ती म्हणाली.

मी पण उभा होतो. शिट्टी चालूच होती. ती बाहेरून येत नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं, कारण अशा शिट्टीचं वर्णन मी लहानपणापासून ऐकत आलेलो. पप्पांच्या कानात ती वाजायची.

पप्पा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पत्र्याचे भाग ठोकून काढायचं काम. एका शेडमध्ये अशी कितीतरी मशीनं, दिवसभर धाड धाड. कानाला लावायला काही मिळायचं नाही. तपासणीला साहेब येणार असले की डब्यातून कानाची टोपणं निघायची आणि साहेब गेले की परत डब्यात जायची. पप्पा कापसाचे बोळे घालायचे. निवृत्तीच्या आधीच त्यांचं ऐकणं बरंचसं गेलेलं. आईचा आवाज मुळात लहान, पण आमच्या घरात ती आयुष्यभर ओरडून बोलली. माझी मावशी पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिला वाटलं, नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललंय. आई त्यांना भात वाढू का विचारत होती.

मी कमावता झाल्यावर पप्पांना कानाचं मशीन घेऊन दिलं. त्यांनी ते आठवडाभर लावलं. "शिट्टी मारतं," म्हणाले, "एक आतली काय कमी आहे?" मग ते मशीन डबीत घालून शोकेसमध्ये ठेवलं गेलं. आई म्हणायची, "राहू दे. मी आहे ना ओरडायला."

ती बाथरूममध्ये पडली त्या दुपारी घरात ती आणि पप्पा दोघंच होते. बायको शिकवते त्या शाळेत होती, मी ऑफिसात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना बाथरूमच्या डक्टमधून आवाज आला. त्या वर आल्या, बेल वाजवली, दार ठोठावलं. कुणी उघडेना. त्यांनी मला फोन केला. "तुझी आई ओरडतेय आतून," त्या म्हणाल्या, "आणि टीव्ही चालू आहे."

घोडबंदर रोडला दुपारीही गाड्या हलत नाहीत. तेव्हा पूल नव्हता. मी कसा पोचलो ते आठवत नाही. काकू जिन्यात उभ्या होत्या. आतून आवाज येत नव्हता, फक्त टीव्हीचा. मी किल्लीने दार उघडलं. पप्पा खुर्चीत बसून क्रिकेट बघत होते. माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, "आज लवकर?"

आई शुद्धीवर होती. ओल्या लादीवर एका कुशीवर पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं. तिने मला बघितलं आणि तोंड हलवलं, पण आवाज बाहेर पडला नाही. घसा पार बसलेला. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, "त्यांना सांगू नकोस मी हाका मारत होते म्हणून."

ऑपरेशन झालं. मग छातीत संसर्ग झाला. हॉस्पिटलमध्ये ती शेवटपर्यंत पप्पांशी खुणेनेच बोलली, कारण घसा परत नीट मोकळा झालाच नाही. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलेलं. माणसं गेल्यावर मी सतरंज्या गोळा करत होतो, तेव्हा पप्पा शोकेसपाशी उभे दिसले. त्यांनी डबी उघडली, मशीन काढलं आणि कानात घातलं. तेव्हापासून ते त्यांच्या कानातून निघालं नाही. आंघोळीपुरतं काढायचे, तेही दार उघडं ठेवून. सेल संपले की लगेच नवे हवेत. झोपतानाही लावून झोपायचे. आम्ही म्हटलं, कान दुखेल, तरी काढायचे नाहीत. आणि दुपारी मध्येच उठून ते बाथरूमचं दार ढकलून आत बघायचे. आत कुणी नसायचं. दार परत ओढून घ्यायचे आणि खुर्चीत येऊन बसायचे. मी ते रविवारी पाहायचो. बायकोला शाळेच्या सुट्टीत रोज दिसायचं.

अशा घरात मी माझ्या कानाचं काय सांगणार? ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोकांच्या बोलण्यातले स आणि फ गळायला लागले. कुणी हळू बोललं की मी तोंडाकडे बघायचो. एकदा साहेबांनी काहीतरी विचारलं आणि मी भलतंच उत्तर दिलं. सगळे हसले, मीही हसलो. पार्किंगमध्ये बाईकजवळ येऊन मी किती तरी वेळ नुसता उभा राहिलो. ते ढगळ हेल्मेट हातात होतं आणि ते डोक्यात घालायची इच्छा होत नव्हती.

शेवटी बायकोने मला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बंद पेटीसारख्या खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी बटण दाबलंच नाही. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने मशीन बंद केलंय असं मला वाटत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "कामाला कुठे? मशीनवर?"

"नाही. ऑफिस आहे."

"बाईक चालवता? किती?"

मी रस्ता सांगितला. त्यांनी हेल्मेट आणलंय का विचारलं. ते बाहेर बसलेल्या बायकोच्या मांडीवर होतं, तिने ते आत आणलं आणि पप्पांच्या कानांचंही सांगून टाकलं. डॉक्टरांनी ते माझ्या डोक्यात घालायला लावलं, दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि लगेच काढून घेतलं.

"हे डोक्यावर ठेवलेलं भांडं आहे," ते म्हणाले. "वाऱ्याचा आवाज रोज इतका वेळ म्हणजे कानाला मार आहे. तुमच्या कानात आधीपासूनच थोडी कमजोरी असेल, वडिलांकडून आली का ते मला माहीत नाही. नीट बसणारं घ्या. आणि कितीही चांगलं घेतलंत तरी आत शांतता नसते, तेव्हा फोमचे बोळे घाला. हॉर्न ऐकू येतो त्यातून."

"हे बरं होईल?" बायकोने विचारलं.

"गेलेलं येत नाही. राहिलेलं जपायचं."

पप्पांना बायकोनेच सांगितलं. मी चहा घेत होतो. तिने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सावकाश, तोंड दिसेल असं बोलली. ऐकता ऐकता पप्पांनी टीव्ही बंद केला. आमच्या घरात दिवसा टीव्ही बंद झाल्याचं मला आठवत नाही.

"डावा जास्त?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"झोपताना वाढतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "हेल्मेट घ्यायला मी येणार."

ते माझ्या बाईकवर बसत नसत. हेल्मेट घालायचं तर मशीन काढावं लागणार, आणि ते त्यांना नको होतं. म्हणून आम्ही बसने ठाण्याला गेलो. जाण्याआधी बायकोने शिवणाची टेप काढली आणि माझ्या भुवयांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून फिरवून डोकं मोजलं. जुन्या हेल्मेटचं माप त्यापेक्षा दोन नंबरने मोठं निघालं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं घेऊन फिरत होतो म्हणायचं.

पहिल्या दुकानात विक्रेता घाईत होता. त्याने आकडा ऐकला आणि एक नंबर मोठंच पुढे केलं. "सर, घट्ट घेतलं तर डोकं दुखेल. हे घ्या, आरामात बसतं."

"आवाज कमी येणारं दाखवा," पप्पा म्हणाले.

"काका, आवाज तर येणारच. हेल्मेट आहे ते, एसी गाडी थोडीच?"

पप्पांना ते अर्धंच ऐकू आलं असावं. ते परत म्हणाले, जरा मोठ्याने, "आवाज कमी येणारं." दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी त्यांना घेऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात गर्दी नव्हती. मालक वयस्कर होते, त्यांनी आम्हाला निवांतपणे हवं ते काढून बघू दिलं. मी आधी घरी बसून बरंच वाचलेलं. नवं हेल्मेट गालांवर दाबून बसलं पाहिजे, कारण आतला फोम नंतर बसतो. कपाळावर कुठेही एकाच जागी टोचता कामा नये. हनुवटीखाली पडदा असेल तर वारा कमी शिरतो. काच खाली केली की रबरावर घट्ट बसली पाहिजे, फट राहिली तर तीच शिट्टी मारते. डोक्यावर पंख आणि शिंगं काढलेली हेल्मेटं दिसायला भारी, पण वारा त्यांनाच अडतो.

एक घातलं, कानाची पाळी दुमडली. दुसरं बसलं, पण थोड्या वेळाने कपाळाच्या मधोमध ठणका लागला. काढल्यावर मालकांनी आरसा दाखवला, लाल वळ उठलेला. "तुमचं डोकं गोल आहे," ते म्हणाले, "हा साचा लांबट डोक्याचा. माप बरोबर असून उपयोग नाही." तिसरं साधं काळं होतं, नक्षी नाही, काही नाही. ते घालताना कान खेचले गेले आणि गाल वर आले. बोलायला गेलो तर गाल दाताखाली आला.

मी पट्टा आवळला आणि पप्पांना खुणेने सांगितलं, मागून धरून पुढे ओढून बघा, निघतंय का. त्यांनी मागची कड धरली आणि असा हिसका दिला की माझी हनुवटी छातीवर आपटली. हेल्मेट निघालं नाही. त्यांनी परत ओढलं. मग दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे, उजवीकडे फिरवलं. माझं तोंड त्याच्याबरोबर फिरत होतं. मालक म्हणाले, "अहो काका, मान मोडेल."

मग मी काच खाली केली. बाहेरची रिक्षांची कलकल मागे सरकली. आणि तेव्हाच पप्पा माझ्यासमोर येऊन काहीतरी बोलले. अगदी जवळून, माझ्या डोळ्यांत बघत. ओठ हलताना दिसले, शब्द कळले नाहीत. मी काच वर करून "काय?" म्हटलं, तर त्यांनी हात हलवला आणि मालकांना म्हणाले, "हेच द्या."

परत यायची बस यायला वेळ होता. स्टँडजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. हेल्मेटची पिशवी पप्पांनी मांडीवर घेतलेली. चहा संपवून त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "ती किती वेळ ओरडत होती?"

आईने मला जे सांगितलं होतं ते मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो.

"मला माहीत नाही, पप्पा," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"खालच्या बाईंनी सांगितलं मला. कार्यक्रमाच्या दिवशी. त्या बिचाऱ्या सहज बोलून गेल्या, त्यांना वाटलं मला ठाऊक आहे." ते बसच्या फलकाकडे बघत होते. "मी मॅच बघत होतो. कोणाची होती तेही आठवत नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"आता मशीन लावून काय ऐकता?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारायला मला जमलं नव्हतं. "झोपताना पण लावता."

"ऐकायला नाही लावत," ते म्हणाले. "काढलं की आतली शिट्टी एकटीच राहते. मग तिच्यात तुझ्या आईची हाक येते. मशीन लावलं की पंखा येतो, नळ येतो, गाड्या येतात. मग जरा कमी होतं."

बस आली. गर्दीत मी त्यांना पुढे घातलं आणि बसायला जागा मिळवून दिली. रस्ताभर ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी उभा होतो. माझ्या कानात वाजत होतं आणि मी पहिल्यांदा त्यात नीट लक्ष देऊन बघितलं, दुसरं काही ऐकू येतं का. आलं नाही. आलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

सोमवारी मी नवं हेल्मेट घालून निघालो. कानात फोमचे बोळे, त्यावर गालाला दाबून बसलेलं हेल्मेट. पुलावर चढलो, वेग घेतला. वारा होता, पण पलीकडच्या खोलीत कुणी बादल्या हलवत असल्यासारखा, लांबचा. डोकं वळवलं की हेल्मेट बरोबर वळत होतं. हॉर्न ऐकू येत होते, ट्रक जवळ आला की कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त एक त्यांनी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि माझ्या कानातून निसटलं असेल. वाऱ्याच्या गोंगाटात इतके दिवस बुडालेली शिट्टी आता मोकळी झाली. माजिवड्यापर्यंत ती स्वच्छ, एकसुरात ऐकू येत होती. सिग्नलला थांबल्यावर मला काच वर करून ते सगळं डोक्यावरून उपटून फेकावंसं वाटलं. मी पट्ट्यापर्यंत हात नेला. मग सिग्नल सुटला.

मी ते घालतच राहिलो. दुसरा इलाज नव्हता. महिन्याभरात फोम बसला, गाल सुटे झाले, बोलता यायला लागलं. शिट्टीचीही सवय होते असं लोक म्हणतात. सवय होते म्हणजे चीड यायची बंद होते, एवढंच.

हिवाळ्यात परत तपासणी केली. डॉक्टरांनी जुना आणि नवा आलेख शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही रेषा एकाच जागी खाली घसरलेल्या.

"वाढलेलं नाही," ते म्हणाले. "ह्याला मी चांगली बातमी म्हणतो."

घरी आल्यावर पप्पांना सांगितलं. ते आता मशीन लावूनही फार कमी ऐकतात, म्हणून मी हाताने दाखवलं, तितकंच आहे. त्यांनी माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला, खोटं बोलतोय का ते बघायला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी शाळेत असताना फिरवायचे तसा, आणि आत जाऊन आडवे झाले.

बायको कधीकधी मागे बसते. तिलाही आम्ही तिच्या मापाचं हेल्मेट घेतलं. पूर्वी ती रस्ताभर बोलायची. शाळेतलं, भाजीचं, समोरच्या इमारतीतल्या लग्नाचं. मी अर्धंमुर्धं ऐकायचो आणि हं हं करायचो. आता तिचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही, माझा तिच्यापर्यंत जात नाही. डाव्या खांद्यावर बोट म्हणजे डावीकडे, पाठीवर दोन थापा म्हणजे थांब, एक म्हणजे चल, असं आपोआप ठरत गेलं. परवा वर्तकनगरला तिच्या भावाकडे जाताना माझ्या पाठीला तिची छाती हलल्यासारखी जाणवली. आरशात बघितलं तर काचेमागे तिचे ओठ हलत होते. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, बोळे काढले आणि म्हटलं, "काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "मी तुझ्याशी नव्हते बोलत. सवय आहे, बोलत असते मी."

मी बोळे परत घातले, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली, आणि आम्ही निघालो.